श्वानांची सिंधुबंदी

आपल्या पूर्वजांनी माणसांसाठी सिंधुबंदी घातली होती, ही गोष्ट श्रोत्यांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. समुद्र ओलांडून विलायतेस गेलेला मनुष्य परत आला म्हणजे त्याला पंक्तीस घ्यावयाचे की नाही, आणि घ्यावयाचे तर कोणते प्रायश्चित्त देऊन, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात वर्तमानपत्रांचे रकाने भरत असत. आज त्या वादाचे आपल्याला हसू येते. परंतु नेमक्या त्याच सुमारास, ज्या विलायतेस जाण्यावरून आपल्याकडे एवढे रण माजले होते, त्या विलायतेनेही एक सिंधुबंदी घातली. ती माणसांना नव्हती, कुत्र्यांना होती. समुद्र ओलांडून आलेल्या कुत्र्याने सहा महिने बंदिवासाचे प्रायश्चित्त घेतल्यावाचून त्याला इंग्लंडच्या मातीवर मोकळे पाऊल ठेवता येणार नाही, असा तो दंडक होता. आपली सिंधुबंदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मोडकळीस आली. इंग्लंडची मात्र २००० सालापर्यंत जवळजवळ शंभर वर्षे टिकली.

हा विषय आम्ही निवडला याचे कारण तो आता आपल्या दारात आलेला आहे. मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी लंडनला, टोरंटोला, सिडनीला बिऱ्हाड हलवते. सामानाची यादी होते, भांडी वाटली जातात, पुस्तके कोणाकडे तरी ठेवली जातात. मग घरातला चाळीस किलोचा अल्सेशियन किंवा लॅब्राडॉर समोर येऊन बसतो आणि प्रश्न उभा राहतो : याचे काय करावयाचे? प्रश्न वरवर घरगुती दिसतो. पण त्याच्या पाठीमागे एका भयंकर रोगाचा, दोन महायुद्धांचा आणि कायदा व माया यांच्या झगड्याचा इतिहास उभा आहे.

माया आणि दरवाजा

कुत्र्याला बरोबर नेऊ द्यावे की नाही, हा वाद आपल्याला सर्वांत आधी महाभारतात भेटतो. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडतात, आणि शेवटपर्यंत युधिष्ठिराच्या मागे चालत राहतो तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, तू ये, पण कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर उत्तर देतो की आश्रयाला आलेल्या भक्ताचा त्याग हे महापाप आहे, आणि त्या पापाच्या मोलाने मिळणारा स्वर्ग मला नको. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता असे उघड होते. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण इंद्राची बाजू आपण सहसा विचारात घेत नाही. इंद्र दुष्ट नव्हता. तो एका नियमाचा रखवालदार होता, आणि दारावर उभा राहणाऱ्याला एकट्या युधिष्ठिराचा नव्हे, आत राहणाऱ्या सर्वांचा विचार करावा लागतो. या दोन बाजू लक्षात ठेवूनच पुढचा इतिहास ऐकावा, अशी आमची विनंती आहे.

ग्रीकांच्या इतिहासातली गोष्ट याहून करुण आहे. इसवी सनापूर्वी ४८० साली इराणी सैन्य अथेन्सवर चालून आले तेव्हा अथेन्सच्या लोकांनी नगर रिकामे केले आणि ते जहाजांत बसून सलामिस बेटाकडे निघाले. माणसांनाच जागा पुरेना, तेथे जनावरांना कोण घेणार? पेरिक्लीसचा बाप झांथिपस याचा कुत्रा मागे राहिला. धन्याचा विरह सहन न होऊन त्याने समुद्रात उडी घेतली, धन्याच्या गलबताच्या कडेकडेने पोहत तो सलामिसला पोचला आणि किनाऱ्यावर पाय टेकताच मरून पडला. प्लुटार्कने ही हकिकत लिहून ठेवली आहे आणि त्या जागेला लोक 'कुत्र्याची समाधी' म्हणत असल्याचेही नमूद केले आहे. प्लुटार्क त्या घटनेनंतर पाचसहाशे वर्षांनी लिहीत होता, हे ध्यानात घेतले तरी इतकी शतके लोकांनी एका कुत्र्याची आठवण जपली, हे काय थोडे झाले?

राजेलोकांचा मामला अर्थातच निराळा. हिरोडोटस सांगतो की बाबिलोनच्या इराणी सुभेदाराजवळ हिंदुस्थानातून नेलेले इतके मोठाले कुत्रे होते की त्यांच्या खाण्यासाठी चार मोठी गावे नेमून दिली होती, आणि त्या बदल्यात त्या गावांना इतर कर माफ होते. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचे दांडगे कुत्रे परदेशी जात होते, आणि तेही सरकारी खर्चाने! उलट दिशेचा प्रवास जहांगीराच्या वेळचा आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो मोगल दरबारात होता, त्या काळी विलायतेहून मॅस्टिफ जातीचे धिप्पाड कुत्रे बादशहासाठी गलबतावर चढवण्यात आले. रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने लिहिले आहे की त्यांपैकी बहुतेक वाटेतच गेले आणि दोनच जिवंत पोचले. जहांगीराला त्यांचे एवढे कौतुक वाटले की त्यांच्या दिमतीला नोकर दिले, त्यांना पालखीतून मिरवले आणि त्यांना घास भरवण्यासाठी रुप्याचा चिमटा घडवून घेतला.

पालखीचा हा मान आपल्या साताऱ्यातही एका कुत्र्याला मिळालेला आहे. छत्रपती शाहू महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या, याने शिकारीत वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले असे सांगतात. ग्रँट डफ लिहितो की महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला. इतकेच नव्हे, तर एकदा दरबारात त्याला किनखाबी पोशाख आणि जडजवाहीर घालून आपली पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली. संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखवतात.

तात्पर्य एवढेच की, राजाच्या कुत्र्याला सरहद्द नव्हती आणि सामान्य माणसाच्या कुत्र्याला गलबतात जागा नव्हती. जी अडचण होती ती जागेची आणि पैशाची. कायद्याची अडचण पुढे आली, आणि ती आली एका रोगामुळे.

पिसाळलेल्या कुत्र्याचे भय

पिसाळणे हा रोग आपल्या वैद्यांना फार प्राचीन काळापासून माहीत आहे. सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाची लक्षणे सांगितली आहेत, आणि रोगी पाण्याला घाबरू लागला म्हणजे तो वाचत नाही, हेही सांगितले आहे. 'जलत्रास' हा आपला शब्द तेथलाच. आजचे वैद्यकशास्त्र या बाबतीत सुश्रुताच्या फारसे पुढे गेलेले नाही. दंश झाल्यावर ताबडतोब जखम धुऊन लस टोचली तर रोग टळतो. पण लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू बहुधा अटळच. शिवाय हा रोग दंशानंतर लगेच दिसत नाही. कुत्र्याच्या अंगात तो कधी दोन आठवडे, कधी दोन-तीन महिने, तर क्वचित सहा महिन्यांहूनही अधिक काळ दडून राहतो. बाहेरून जनावर धडधाकट, खेळकर, आणि आत मृत्यू! पुढच्या सगळ्या कायद्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

माया आणि भय यांची झटापट या रोगाने कशी लावून दिली, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम निघत असे आणि मारलेल्या कुत्र्यामागे इनाम मिळत असे. १८३२ च्या जून महिन्यात शिपायांनी कोटातल्या पारशी वस्तीत घुसून कुत्री मारण्यास सुरुवात केली, तेव्हा पारशी मंडळी खवळली. कुत्रा त्यांच्या धर्मात पवित्र. दुकाने बंद झाली, व्यवहार थांबले, दंगल झाली. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांच्या बाजूला उभे राहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभाई आणि अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला.

खुद्द इंग्लंडात कवी बायरनचा बोट्स्वेन नावाचा थोरला न्यूफाउंडलंड कुत्रा १८०८ साली पिसाळून मेला. बायरनला त्या रोगाची कल्पना नव्हती असे म्हणतात. तो आपल्या हाताने त्याच्या तोंडावरची लाळ पुशीत राहिला. त्याने त्या कुत्र्यासाठी न्यूस्टेड येथे बांधलेले स्मारक आजही उभे आहे. बायरन वाचला हे त्याचे दैव. पण १८७७ या एकाच साली इंग्लंडात या रोगाने ७९ माणसे दगावल्याची नोंद आहे. त्या काळी इतर रोगांनी हजारो माणसे मरत. पण पिसाळलेल्या कुत्र्याच्या मरणाचे भय त्या सगळ्यांहून मोठे होते, कारण ते मरण घरच्याच मित्राच्या तोंडून येत होते.

६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस टोचली आणि तो मुलगा वाचला. त्यानंतर कित्येक वर्षे हिंदुस्थानात कुत्रा चावलेल्या गोऱ्या शिपायांना आगबोटीने पॅरिसला पाठवीत. १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली तेव्हा ही यातायात थांबली. तेथेच डेव्हिड सेंपल याने १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून नवी लस तयार केली. आपल्या बापजाद्यांना ठाऊक असलेली 'पोटातली चौदा इंजेक्शने' ती हीच. ती लस पुढे दशकानुदशके आपल्या देशात चालू राहिली, आणि २००४ अखेर ती बनवणे बंद झाले.

१८९७ सालचा हुकूम

आता आपण मुख्य कथेकडे येऊ. १८९५ साली वॉल्टर लाँग नावाचा जमीनदार गृहस्थ ब्रिटिश शेतकी खात्याचा मंत्री झाला. त्याने हिशेब असा मांडला : इंग्लंड हे बेट आहे. बेटावरचा रोग एकदा निपटून काढला आणि बाहेरून येणारी वाट बंद केली, तर तो पुन्हा येणार कोठून? त्याप्रमाणे १८९७ साली त्याने दोन गोष्टी केल्या. रोग असलेल्या मुलखातल्या कुत्र्यांच्या तोंडाला मुसके बांधण्याची सक्ती केली, आणि परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांवर निर्बंध घातले. १९०१ पासून हे निर्बंध सहा महिन्यांच्या विलगीकरणाचे झाले.

या हुकमावर इंग्लंडात केवढा गहजब झाला! कुत्रेवाल्यांच्या संघटना निघाल्या, सभा झाल्या, मंत्र्याला निनावी शिव्यापत्रे गेली. मुसके हा स्वतंत्र इंग्रजाच्या घरातल्या स्वतंत्र कुत्र्यावर जुलूम आहे, असा सूर निघाला. त्यातून शिकारीच्या कुत्र्यांना सवलत दिलेली, म्हणजे बड्यांचे कुत्रे मोकळे आणि गरिबाच्या कुत्र्याला मुसके! ही तक्रार मात्र खरी होती.

येथे मराठी श्रोत्याच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. ज्या १८९७ साली इंग्लंडात कुत्र्याच्या मुसक्यावरून स्वातंत्र्याची आरोळी उठत होती, त्याच साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे शिपाई माणसांच्या घरांत, स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरत होते, आणि धडधाकट माणसांची क्वारंटाइनमध्ये रवानगी करीत होते. रोग हटवण्याचा हेतू दोन्हीकडे होता. पण एका ठिकाणी मंत्र्याला लोकमतापुढे उत्तर द्यावे लागत होते आणि दुसऱ्या ठिकाणी लोकांना विचारण्याची गरज कोणास वाटत नव्हती. ही तुलना आम्ही अधिक ताणत नाही. एवढेच म्हणतो की, क्वारंटाइन हे शास्त्र असले तरी ते राबवणारा हात कोणाचा आणि त्या हाताला जाब विचारणारे कोणी आहे की नाही, यावर त्याचा न्याय-अन्याय अवलंबून असतो.

लाँगचा हिशेब बरोबर निघाला. १९०२ पर्यंत ब्रिटनमधून हा रोग नाहीसा झाला, आणि ज्यांनी त्याला शिव्या दिल्या होत्या त्यांच्याच मुलांनी पुढे त्या कायद्याचा अभिमान बाळगला.

शिपायाची पिशवी आणि आगबोटीचा खाटीक

पण मायेला कायदा कोठे कळतो? पहिले महायुद्ध संपत आले तेव्हा फ्रान्सच्या खंदकांत इंग्रज शिपायांच्या सोबतीला शेकडो कुत्री होती. चिखलात, तोफांच्या माऱ्यात ज्याने उबेला अंग दिले, त्याला तेथे टाकून घरी कसे जावे? 'ब्ल्यू क्रॉस' या संस्थेने शिपायांच्या कुत्र्यांचा सहा महिन्यांचा खर्च उचलण्याची सोय केली. पण ज्यांना ती सोय मिळाली नाही किंवा धीर धरवला नाही, त्यांनी कुत्री पिशवीत, डगल्याखाली लपवून आणली. १९१८ साली प्लिमथच्या परिसरात पिसाळलेली कुत्री आढळू लागली. रोग सोळा वर्षांनी परत आला होता. तो पुन्हा निपटून काढण्यास १९२२ उजाडले, आणि तोपर्यंत तीनशेहून अधिक जनावरांना त्याची बाधा झाली. कोणा एका शिपायाची माया निष्पाप होती यात शंका नाही; पण तिची किंमत ज्यांना मोजावी लागली त्यांनी त्या शिपायाला कधी पाहिलेही नव्हते.

या काळात हिंदुस्थानातून निवृत्त होऊन घरी जाणाऱ्या इंग्रज अंमलदाराची कुत्रीही आगबोटीने जात. आगबोटीवर कुत्र्यांची देखरेख बहुधा बोटीवरच्या खाटकाकडे असे. मांसाचे तुकडे त्याच्याच हाताशी. मोठा कुत्रा असला तर तो डेकवरच्या खोपटात आणि धनी खालच्या खोलीत. लहान-मोठ्याचा हा भेद किती जिवावरचा असू शकतो, हे १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा दिसले. त्या बोटीवरच्या कुत्र्यांपैकी तीनच वाचली : दोन पॉमेरेनियन आणि एक पेकिनीज. तिन्ही कडेवर मावणारी. धन्यांनी ती उचलून होडीत नेली. मोठ्या कुत्र्यांना तसे उचलून नेता येत नव्हते.

आगबोटीवरून उतरले की पुढे सहा महिने. बाहेर दुहेरी जाळी, आत सिमेंटची फरशी, आणि धनी भेटीला आला तर तेवढ्यापुरती शेपटी हलवणे. कुत्रा कायद्याने इंग्लंडात आलेला आणि तरी इंग्लंडात नसलेला. धोब्याच्या कुत्र्याची म्हण येथे अक्षरशः खरी ठरत होती. मोठ्या जातीच्या कुत्र्याला तर ही शिक्षा दुप्पट. ग्रेट डेनसारख्या कुत्र्याचे आयुष्य सात ते दहा वर्षांचे. त्यातले सहा महिने म्हणजे माणसाच्या आयुष्यातली चार-पाच वर्षे तुरुंगात जाण्यासारखे आहे.

कायदा राहिला, कारण बदलले

दुसऱ्या महायुद्धानंतर कुत्र्यांसाठी खात्रीची लस तयार झाली. तेव्हाच हा कायदा बदलला असता तर इतिहास येथे संपला असता. पण भीती लसीपेक्षा चिवट असते. १९६९ साली कँबर्ली गावी, जर्मनीहून आलेला एक कुत्रा सहा महिने पुरे करून सुटला आणि दहाबारा दिवसांतच पिसाळला. पुढच्याच वर्षी न्यूमार्केटला पाकिस्तानातून आलेल्या दुसऱ्या कुत्र्याची तीच गत झाली. तो विलगीकरणगृहातच शेजारच्या जनावराकडून रोग घेऊन बाहेर पडला असावा, असे अनुमान निघाले. म्हणजे ज्या तुरुंगाने रोग अडवावयाचा, तेथेच तो पसरत होता! सरकारने वॉटरहाऊस समिती नेमली. समितीने सहा महिने कायम ठेवले, आत गेल्याबरोबर लस टोचण्याची जोड दिली, आणि १९७४ साली नियम आणखी कडक झाले.

याच वेळी युरोपात एक निराळीच लढाई चालू होती. पोलंडच्या बाजूने निघालेला रोग कोल्ह्यांच्या तोंडून दरवर्षी वीस ते साठ किलोमीटर पश्चिमेकडे सरकत होता. १९६८ साली तो फ्रान्सच्या हद्दीत शिरला. इंग्लंडात बंदराबंदरावर भीतीचे फलक लागले. कोल्हे मारून पाहिले, काही उपयोग झाला नाही. तेव्हा १९७८ साली स्वित्झर्लंडमधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शास्त्रज्ञांनी एक अजब प्रयोग केला. कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली. कोल्ह्यांनी ती खाल्ली आणि त्यांना रोगप्रतिकार मिळाला. लस घातलेल्या पट्ट्यापुढे रोग सरकेना. पुढे हीच युक्ती विमानांतून आमिषे टाकून देशोदेशी वापरली गेली, आणि २००१ साली फ्रान्स या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. जे बंदुकीला जमले नाही, ते लसीने वीस-पंचवीस वर्षांत केले.

आता इंग्लंडच्या कायद्याचे कारण उरले नव्हते. कायदा मात्र उरला होता. १९९४ साली समुद्राखालचा बोगदा उघडला, तेव्हा त्यातून पिसाळलेला कोल्हा चालत येऊ नये म्हणून विजेच्या जाळ्या बसवण्यात आल्या. त्याच साली स्वीडन आणि नॉर्वे यांनी विलगीकरण सोडून लस आणि रक्ततपासणी यांवर भरवसा ठेवला, आणि त्यांचे काही बिघडले नाही. त्याच साली लेडी मेरी फ्रेटवेल या माजी राजदूताच्या पत्नीने कायदा बदलण्याची चळवळ उभी केली. १९९७ साली हाँगकाँग चीनच्या हवाली करून परतणारे शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी आपले 'व्हिस्की' आणि 'सोडा' हे दोन कुत्रे इंग्लंडच्या पिंजऱ्यात न घालता फ्रान्समध्ये नेऊन ठेवले. साम्राज्याचा निशाण उतरवून आलेल्या माणसालाही स्वदेशी कुत्रे नेता येत नाहीत, हे दृश्य जगाने पाहिले. १९९८ साली प्राध्यापक इयन केनेडी यांच्या समितीने नवी पद्धत सुचवली, आणि २८ फेब्रुवारी २००० रोजी पहिले कुत्रे खुणेची चकती, लस आणि रक्ततपासणीचा दाखला घेऊन पिंजऱ्यावाचून इंग्लंडात उतरले. सिंधुबंदी मोडली.

आपल्या कुत्र्याचे काय?

मोडली खरी, पण सर्वांसाठी नव्हे. प्रारंभी ही सवलत मुख्यतः पश्चिम युरोपातल्या कुत्र्यांना होती. २०१२ पासून भारतासारख्या देशांतल्या कुत्र्यांनाही पिंजऱ्यावाचून जाता येते, पण त्याची शर्त अशी : कातडीखाली खुणेची चकती, मग लस, तीस दिवसांनी रक्ताची परीक्षा, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे. अमेरिकेने २०२४ च्या ऑगस्टपासून आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांचे नियम कडक केले आहेत. ऑस्ट्रेलियात तर भारतातून कुत्रा थेट नेताच येत नाही. आधी मान्य देशात मुक्काम करावा लागतो आणि त्यानंतरही मेलबर्नजवळच्या सरकारी विलगीकरणगृहात राहावे लागते.

मोठ्या कुत्र्याचा हिशेब आणखी वेगळा. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पिंजऱ्यात कुत्र्याला ताठ उभे राहता आले पाहिजे आणि वळता आले पाहिजे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि तिच्यात पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवला की पिंजऱ्याची लांबी होते. खांद्याची रुंदी दुप्पट केली की त्याची रुंदी. समजा, पिंजरा १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ८० उंच झाला. विमानाचे भाडे आकारमानावर धरतात, म्हणजे या तिन्ही आकड्यांच्या गुणाकाराला ६,००० ने भागतात. उत्तर ९६ येते. कुत्र्याचे वजन ३५ किलो, पण भाडे ९६ किलोंचे! शिवाय चपट्या नाकाच्या जातींना उन्हाळ्यात कित्येक कंपन्या घेत नाहीत, कारण त्यांना श्वास पुरत नाही. आणि काही दांडग्या जातींना १९९१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मुळी प्रवेशच नाही. तेव्हा निघण्यापूर्वी निदान सहा महिने तयारीला लागावे, हे शहाणपणाचे.

आपल्या देशाचाही दरवाजा आहे. २०१३ पासून परदेशातून कुत्रा आणण्यावर आपल्या सरकारने निर्बंध घातले. दोन वर्षे परदेशी राहून कायमचे परत येणाऱ्यालाच दोन पाळीव प्राण्यांपर्यंत मुभा राहिली. पण २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर बाँब पडू लागले, तेव्हा तेथे शिकणारी काही भारतीय मुले कुत्र्याला टाकून आम्ही येणार नाही, असे सांगून अडून बसली. घरचे लोक चिंतेने अर्धमेले. सरकारने त्या प्रसंगापुरती अट शिथिल केली आणि ती मुले आपली जनावरे घेऊन मायदेशी आली. इंद्राने या वेळी दार थोडे उघडले, आणि त्यात काही चुकले असे आम्हांला वाटत नाही. कारण दार उघडताना दाखले व तपासणी वाऱ्यावर सोडलेली नव्हती.

मग आमचा निष्कर्ष काय? एक तर, १९०१ सालचा कायदा अन्यायाचा नव्हता. त्या वेळी दुसरा उपायच नव्हता, आणि त्या कायद्याने एका बेटाला मरणाच्या भयातून सोडवले. १९१८ साली तो मोडणाऱ्यांनी काय ओढवून घेतले, हे आपण पाहिले. २००८ सालीसुद्धा श्रीलंकेहून आणलेले एक पिल्लू लंडनमधल्या विलगीकरणगृहात पिसाळले, आणि ते तेथे बंद होते म्हणूनच अनर्थ टळला. दुसरे असे की, उपाय सापडल्यावरही जो कायदा केवळ सवयीने आणि अभिमानाने चालू राहतो, तो हळूहळू रूढी बनतो. आपली सिंधुबंदीही मुळात अशीच कोणत्या तरी भयातून आली असेल; पुढे भय गेले आणि प्रायश्चित्त तेवढे राहिले.

तिसरी गोष्ट आपल्या अधिक जिव्हाळ्याची आहे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या घरातल्या लस टोचलेल्या कुत्र्याला परदेशाच्या दारात तीन महिने ताटकळावे लागते, ते त्याच्या दोषामुळे नव्हे. ते आपल्या गल्लीतल्या, लस न मिळालेल्या कुत्र्यामुळे. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात असा अंदाज आहे. त्यांतला मोठा वाटा भारताचा, आणि मरणाऱ्यांत लहान मुले पुष्कळ. आपण परदेशी सरकारच्या कडकपणाबद्दल कुरकुर करतो, पण तो दरवाजा आपल्या रस्त्यानेच बंद करून ठेवला आहे.

तो उघडता येतो, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोव्यात २०१३ पासून सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी गल्लोगल्ली फिरून, जाळ्यांनी कुत्री धरून त्यांना लस टोचली; वर्षाला ९५,००० च्या आसपास. कुत्री मारली नाहीत, हाकलली नाहीत. दहातली सात कुत्री सुरक्षित झाली की रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रोग नव्वद टक्क्यांहून अधिक घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ साली गोवा हे या रोगावर ताबा मिळवलेले राज्य म्हणून जाहीर झाले. १८३२ साली मुंबईत जो प्रश्न दंडुक्याने सुटला नाही, तो गोव्यात सुईने सुटला.

युधिष्ठिराने एका कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, म्हणून आपण त्याला धर्मराज म्हणतो. आपल्यापुढचे काम त्या मानाने सोपे आहे. आपल्या नगरपालिकेत पुढच्या वेळी मोकाट कुत्र्यांचा प्रश्न निघेल, तेव्हा 'मारा' आणि 'सोडा' या दोन आरोळ्यांच्या मध्ये उभे राहून 'लस टोचा, आणि दरवर्षी टोचा' एवढे ठामपणे सांगणारे चार नागरिक निघाले पाहिजेत. त्यात रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाचे हित आहे, रस्त्यावरच्या कुत्र्याचे हित आहे. आणि विलायतेस निघालेल्या कुटुंबाच्या पायाशी बसून सामानाकडे टकमक पाहणाऱ्या त्या मोठ्या कुत्र्याचेही आहे.